जर्मन घड्याळाचे वय तबकडीवर नसते

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या भिंतीवरच्या घड्याळांविषयी आलेला लेख आवडीने वाचला. लेखासोबतच्या छायाचित्रातील घड्याळ ‘दीडशे वर्षांपूर्वीचे अस्सल जर्मन’ असल्याचे म्हटले आहे आणि त्याला आधार म्हणून तबकडीवरचे नाव व पेटीच्या माथ्यावरचा लाकडी गरुड या दोनच गोष्टी दिल्या आहेत. हा आधार फार लंगडा आहे. गरुड खुंटीवर बसवलेला असतो, त्यामुळे तो हरवतो, मोडतो आणि दुसरा सहज बसवता येतो. तबकडीही बदलता येते. असे घड्याळ विकत घेऊ पाहणाऱ्याने विकणाऱ्याकडे पहिली मागणी करावी ती यंत्राची मागची पितळी पट्टी दाखवण्याची. ती दाखवायला जो नाखूश असेल त्याच्याशी भावाची बोलणी पुढे न नेलेलीच बरी.

पट्टी पाहण्यासाठी आधी लंबक अलगद काढून ठेवावा लागतो आणि मग यंत्र पेटीतून बाहेर घ्यावे लागते. चांगल्या प्रतीच्या लंबकाच्या घड्याळांत यंत्र हाताने फिरवता येणाऱ्या दोन स्क्रूंवर धरलेले असते आणि ते सैल केले की पुढे सरकवून निघते. स्प्रिंग पूर्ण भरलेली असेल तर हे काम घड्याळजीकडूनच करून घ्यावे. निघालेल्या पट्टीवर सहसा कारखान्याचे चिन्ह आणि एखादा आकडा सापडतो, आणि खरी चौकशी तिथून सुरू होते.

लेखात उल्लेख असलेल्या गुस्ताव्ह बेकर या घड्याळ-कारखानदाराच्या नावापुरते बोलायचे तर त्याने सायलेशियातील फ्रायबुर्ग येथे 1847 मध्ये काम सुरू केले. हे गाव आज पोलंडमध्ये आहे, म्हणजे ‘जर्मन’ घड्याळ आजच्या जर्मनीतच झालेले असेल असे नाही. बेकरच्या यंत्रांवर नांगर, मुकुट आणि जी. बी. ही आद्याक्षरे यांचे चिन्ह आढळते आणि सोबत अनुक्रमांक असतो. हा अनुक्रमांक फार उपयोगी आहे, कारण 1875 च्या सुमारास तो एक लाखाच्या, 1885 च्या सुमारास, म्हणजे बेकरच्या मृत्यूच्या वर्षी, पाच लाखांच्या आणि 1892 च्या आसपास दहा लाखांच्या घरात पोहोचला होता. तेव्हा ज्या घड्याळावर बारा लाखांच्या पुढचा आकडा आहे ते 1870 च्या दशकातले असू शकत नाही, मग विकणारा काहीही सांगो. एक खबरदारी मात्र घ्यावी लागते: बोहेमियातील (आजच्या चेक प्रजासत्ताकातील) ब्राउनाउ येथील शाखेची यंत्रे वेगळ्या क्रमाने मोजली जात, म्हणून लहान आकडा दिसला की लगेच हुरळून जाऊ नये.

जर्मनीतील श्रामबर्ग गावच्या युंगहान्स कारखान्याची पद्धत निराळी आहे. हा कारखाना 1861 मध्ये सुरू झाला आणि त्याचे आठ टोकांच्या ताऱ्याचे चिन्ह 1890 पासूनचे आहे. त्याआधी, 1888 मध्ये, पाच टोकांचा तारा नोंदवलेला होता. म्हणून आठ टोकांचा तारा असलेले घड्याळ ‘1870 चे’ म्हणून कोणी पुढे केले तर टोके मोजून दाखवावीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या बऱ्याच युंगहान्स यंत्रांवर ‘ए’ किंवा ‘बी’ अक्षर आणि त्यापुढे दोन अंकी संख्या असते. त्यातील अक्षर वर्षाचा पहिला की दुसरा अर्धा भाग हे सांगते आणि संख्या वर्ष सांगते, म्हणजे ‘बी 12’ याचा अर्थ 1912 चा उत्तरार्ध. श्रामबर्गच्याच हॅम्बुर्ग अमेरिकन घड्याळ कंपनीचे चिन्ह एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन बाण हे होते. ही कंपनी आणि बेकर, दोन्हीही 1930 च्या सुमारास युंगहान्समध्ये सामावल्या गेल्या.

मात्र पट्टीवरचा प्रत्येक आकडा तारखेचा नसतो, आणि याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. माझ्या पहिल्या जर्मन घड्याळावर एका ओळीत 43 आणि 100 असे दोन आकडे होते. विकणाऱ्याने मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले की हे 1943 चे, ऐन युद्धातले घड्याळ आहे, आणि मी ते मानले. पुढे एका जाणत्या घड्याळजीने हसत समजावले की 43 ही लंबकाची सेंटिमीटरमधील लांबी आहे आणि 100 हे मिनिटाला होणारे टिकटिकीचे ठोके आहेत. हे आकडे दुरुस्ती करणाऱ्याच्या सोयीसाठी असतात, कारण लंबक हरवला तर नवा किती लांबीचा हवा हे त्यावरून कळते. त्याच लंबकाच्या चकतीवरची ‘आर’ आणि ‘ए’ ही अक्षरे मी कारागिराची आद्याक्षरे समजत होतो. ती प्रत्यक्षात चकतीखालचा स्क्रू कोणत्या बाजूला फिरवला की घड्याळ मागे पडेल किंवा पुढे जाईल हे सांगणारी आहेत. काचेच्या घुमटाखालच्या, वर्षातून एकदा किल्ली द्यावी लागणाऱ्या शात्स या जर्मन कंपनीच्या घड्याळांच्या बाबतीतही हीच गफलत होते. त्यांच्या पट्टीवरचा 49 हा त्या जातीच्या यंत्राचा क्रमांक आहे. तरी तो पाहून 1950 च्या दशकातली किती घड्याळे 1949 ची म्हणून विकली गेली असतील कोण जाणे.

आकड्यांपेक्षा शब्द अधिक भरवशाचे. ‘मेड इन जर्मनी’ हे शब्द ब्रिटनने 1887 मध्ये केलेल्या कायद्यामुळे रूढ झाले, म्हणून ते असतील तर घड्याळ साधारणपणे त्यानंतरचे. पण ते नसले म्हणजे घड्याळ त्याआधीचे, हा उलटा तर्क चुकीचा आहे, कारण देशातच विकल्या जाणाऱ्या मालावर ते लिहिण्याचे कारण नव्हते. ‘डी. आर. पी.’ म्हणजे जर्मन साम्राज्याचे पेटंट; ते देणारे कार्यालय 1877 मध्ये स्थापन झाले. ‘डी. आर. जी. एम.’ ही लहान सुधारणांची नोंदणी असून तिची सुरुवात 1891 ची आहे. येथे लक्षात ठेवायचे ते हे की नोंदणीचे वर्ष हे घड्याळाचे वर्ष नव्हे; घड्याळ त्याआधी झालेले नाही एवढाच तो पुरावा, कारण तीच सुधारणा पुढे कित्येक वर्षे वापरली जाई. अमेरिकी किंवा ब्रिटिश विभागाचा उल्लेख असेल तर घड्याळ दुसऱ्या महायुद्धानंतरच्या लष्करी ताब्याच्या काळातले आणि ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर 1949 ते 1990 मधले. ही शेवटची घड्याळे उत्तम चालतात, फक्त त्यांना पुराणवस्तू म्हणू नये.

यंत्राचे वय ठरले तरी पेटी त्याचीच आहे का, हा प्रश्न उरतो, आणि माझ्या मते खरी फसवणूक इथेच अधिक होते. यंत्र काढल्यावर पेटीच्या मागच्या फळीकडे नीट पाहावे. वापरात नसलेली जुनी भोके असतील, किंवा फळीवर उमटलेली फिकट सावली आताच्या यंत्राशी जुळत नसेल, तर यंत्र मागाहून बसवलेले समजावे. किल्लीची टोके तबकडीच्या भोकांच्या बरोबर मध्यभागी यायला हवीत. एकोणिसाव्या शतकातले म्हणवणाऱ्या घड्याळात अधिक (+) चिन्हाच्या आकाराच्या खाचेचा स्क्रू मुळातला असूच शकत नाही, कारण तो प्रकार 1930 च्या दशकात प्रचारात आला. आधीच्या घड्याळजींनी पट्टीवर दुरुस्तीची तारीख खरवडून ठेवलेली असेल तर ती अवश्य टिपून घ्यावी, कारण घड्याळ त्या तारखेच्या आधीचे आहे हे तेवढ्यावरून नक्की होते.

तेव्हा आपणास विनंती अशी की लेखातील त्या घड्याळाच्या मागच्या पट्टीचे छायाचित्र मिळवून पुढील अंकात छापावे. अनुक्रमांक एक लाखाच्या आसपास निघाला तर दीडशे वर्षांचा दावा मी आनंदाने मान्य करीन.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक