त्या कॉमिकमधला बाप

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत एका गृहस्थांचं पत्र होतं. नातवाच्या दप्तरात 'ब्लड ऑन द ट्रॅक्स' नावाचं जपानी कॉमिक सापडलं, त्यातल्यासारखी आई आपल्या संस्कृतीत बसत नाही, सरकारने असल्या पुस्तकांवर बंदी आणावी, असा एकूण सूर. दप्तराबद्दल ते म्हणतात ते मला मान्य आहे. शुझो ओशिमी यांची ही चित्रकथा २०१७ ते २०२३ या काळात 'बिग कॉमिक सुपीरियर' या मोठ्यांच्या नियतकालिकात आली आणि १७ खंडांत पुरी झाली. ती शाळकरी पोरांसाठी काढलेलीच नाही. कॉमिक म्हणजे पोरांचं, हा समज आपला. माझाही होता, माझी मजल इंद्रजालच्या वेताळापर्यंतच. पण ते 'संस्कृतीत बसत नाही' काही माझ्या घशाखाली उतरेना, म्हणून लिहायला बसलो.

मी मिरजेचा. हिशेबाच्या टेबलावर नोकरी केली आणि निवृत्त झालो. मुलगी ३० वर्षांची आहे, पुण्यात असते. दिवाळीला आली तेव्हा या कॉमिकच्या इंग्रजी अनुवादाचे पहिले काही खंड तिने टीपॉयवर ठेवले आणि म्हणाली, "बाबा, वेळ असेल तर बघा." मी आपल्या सवयीने डावीकडून उघडलं आणि शेवटचं पान आधी वाचलं. मग तिने उजवीकडून कसं वाचायचं ते दाखवलं. एक खंड अर्ध्या तासात होतो, कारण शब्द फार थोडे. पानंच्या पानं नुसते चेहरे. आईचा चेहरा जवळ येत जातो, इतका जवळ की पान मिटावंसं वाटतं.

गोष्ट सेइची या आठवीच्या वयाच्या मुलाची. आई रोज सकाळी प्रेमाने विचारते, मांस भरलेला पाव हवा की गोड सारणाचा? घरी नवऱ्याकडची माणसं सारखी येतात आणि तिला हसतात, पोराला किती जपतेस म्हणून. पुढे सगळे मिळून डोंगरावर जातात. आतेभाऊ कड्यापाशी सेइचीला गमतीने ढकलल्यासारखं करतो, ही किंचाळत धावते, मुलाला कवटाळते. पुन्हा सगळे हसतात. थोड्या वेळाने तोच आतेभाऊ कड्याच्या टोकाला उभा असतो आणि ती त्याला खाली लोटून देते. सेइचीने हे पाहिलेलं असतं. पोलिसांपुढे तो आईसाठी खोटं बोलतो. शाळेतली एक मुलगी त्याला पत्र देते, तर ते आई त्याला मिठीत घेऊन त्याच्याच हातांनी फाडते. पोराची जीभ अडखळायला लागते.

जो तो या आईबद्दल बोलतो. मला त्यातला बाप दिसला. वाईट माणूस नाही हो. हात उगारत नाही, आवाज चढवत नाही. कामावरून येतो, जेवतो, घरात सगळं ठीक आहे असं धरून चालतो.

आमच्याकडे दर रविवारी माझ्या बहिणी जेवायला यायच्या. मुलगी पाणी प्यायला उठली तरी हिची नजर तिच्यामागे. "वहिनी, लेकीला पदराला गाठ मारून ठेवलीय का?" असं कुणीतरी म्हणायचं आणि पंगत हसायची. मीही हसायचो. ही आमटी वाढत राहायची. लग्न होऊन आली तेव्हापासून त्या घरात तिचं म्हणावं असं कुणी नव्हतं, आणि जे होतं ते तिने दोन्ही हातांनी धरून ठेवलं, हे माझ्या लक्षात यायला एक जपानी पुस्तक लागलं.

२००८ साली मुलगी आठवीत असताना शाळेची सहल रायगडला जाणार होती. साडेतीनशे रुपये भरून झाले होते. हिने आधी 'कड्याबिड्यांची जागा, नको' म्हटलं. मुलगी रडली. मग हिने अबोला धरला. तिचा डबा भरायची, वेणी घालायची, पण बोलायची नाही, आणि स्वतः जेवायची नाही. पाच दिवस. सहाव्या दिवशी मुलीने आपणहून बाईंना सांगून यादीतून नाव काढून घेतलं. संध्याकाळी पैसे आणून माझ्या हातात ठेवले. आईने तिला जवळ घेतलं, 'माझी शहाणी बाळ' म्हणून कुरवाळलं, रात्री शिरा केला. मी काय केलं? पैसे मोजून घेतले.

त्या पाचही सकाळी मी आपलं वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसलो होतो, हे आपल्याला कळवायला हवं. शब्दकोडंसुद्धा सोडवलं असेल. मुलीने त्यानंतर घरात काही मागितल्याचं मला आठवत नाही. आम्ही दोघं चारचौघांत सांगायचो, आमची लेक फार समजूतदार.

या कॉमिकचं मूळ जपानी नाव 'ची नो वादाची'. भांडणाबद्दल काही असेल असं मला आधी वाटलं. मुलीने सांगितलं, 'वादाची' म्हणजे गाडीच्या चाकांनी रस्त्यात पडलेली खोल रेघ. म्हणजे आपली चाकोरी! बैलगाडीत बसलेल्याला ठाऊक असतं, चाक एकदा चाकोरीत उतरलं की बैल बाहेर काढू म्हणाले तरी निघत नाही. रक्ताची चाकोरी. इंग्रजी नावापेक्षा मराठीत ते जास्त नेमकं बसतं, मग संस्कृतीत का बसू नये?

माझी विनंती एवढीच की बंदीच्या मागणीला आपण खतपाणी घालू नये. अशी पुस्तकं मुलांच्या पानावर नकोत, बरोबर. पण रविवारच्या पुरवणीत कादंबऱ्यांचं परीक्षण येतं तिथे यांचंही यावं, म्हणजे आमच्या वयाचे लोक निदान उघडून तरी बघतील.

पत्र पाठवण्याआधी पत्नीला वाचून दाखवलं. तिच्याबद्दल आहे, तेव्हा तिला न विचारता छापायला देणं बरं नव्हे. पुस्तक तिने वाचलेलं नाही, वाचेलसं वाटत नाही. पत्र मात्र शेवटपर्यंत ऐकलं. अबोल्याचे मी तीन दिवस लिहिले होते. "पाच होते," ती म्हणाली. तेवढी दुरुस्ती करून पाठवत आहे.

कृपया नाव छापू नये.

आपला एक जुना वाचक,
मिरज