दादाबद्दल, गणेश चवथीच्या आधी

आई, बाबा,

फोनवर बोलायला गेलं की आई रडते आणि बाबा पावसापाण्याचं काढतात, म्हणून लिहितेय.

दादाच्या पायाची सूज म्हणजे चरबी नाही. नडगीवर अंगठा दाबून धरा आणि सोडा, खड्डा तसाच राहतो ना, ते पाणी आहे. हृदयाची सोनोग्राफी (इको) बघून डॉक्टरांनी सांगितलं ते असं, एवढ्या वजनात झोपेत त्याचा श्वास अडकतो, ऑक्सिजन खाली जातो, त्याने फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचं प्रेशर वाढतं आणि त्या प्रेशरपुढे पंप करून करून हृदयाची उजवी बाजू थकलीय. झोपेत मास्कमधून हवा देणारं ते मशीन त्यासाठी आहे, घोरणं थांबवायला नव्हे. त्याने मास्क ओढून काढला की बाबा तुम्ही "असूं दे, झोपूं दे" म्हणता ते प्लीज बंद करा. टोचत असेल तर साइज बदलून घेऊ. दुपारी आडवा झाला तरी मास्क हवाच.

रोज सकाळी लघवी करून आला की लगेच वजन, कॅलेंडरवर लिहा. दोन-तीन दिवसांत 2 किलो वाढलं तर डॉक्टरांना फोन, लघवीची गोळी आपल्या मनाने वाढवायची नाही.

आता खाणं. प्रेडर-विलीत, म्हणजे दादाच्या या जन्मजात आजारात, पोट भरल्याचं मेंदूला कळतच नाही, त्याला हावरा म्हणणाऱ्या काकूला हे एकदा सांग गं आई. आणि खाण्याच्या कपाटाला कुलूप लावताना वाईट वाटून घेऊ नकोस, कपाट बंद असलं की उलट तोच शांत असतो, उघडं दिसलं की दिवसभर त्याच्याभोवती घुटमळतो. चवथीला नेवऱ्यांचे डबे शेजाऱ्यांकडे ठेवा, गणपतीवर टांगायच्या माटोळीची केळी उंच बांधा, आणि पोदेराला (पाववाल्याला) बजावा की दादाला उधारीवर पाव द्यायचा नाही (मागच्या महिन्याचं बिल बघितलंय मी!). लोणचं-पापडही नको, मिठाने पाणी साठतं.

अजून एक, त्याला दुखणं कमी जाणवतं आणि उलटी सहसा होतच नाही. त्यामुळे उलटी झाली, पोट फुगलं किंवा तो चक्क जेवायला नको म्हणाला तर सोडा-बिडा देत बसू नका, सरळ बांबोळीच्या हॉस्पिटलात.

बाबा, 15व्या क्रोमोसोमवरचा वडिलांकडचा भाग काम करत नाही असं त्या रिपोर्टात आहे, पण बहुतेक केसेसमध्ये ते आपोआप घडतं. ते वाचल्यापासून तुम्ही गप्प झालाय ते कळतं मला.

रात्री लाइट गेली की मशीन बंद पडतं, म्हणून इन्व्हर्टर ऑर्डर केलाय. पैशांवरून वाद नको.

तुमची,
बाय