‘झिरो’चे बटण दाबण्याआधी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कारखान्यातल्या सुरक्षिततेची चर्चा हेल्मेट, अग्निशामक आणि गॅसगळती यांच्याभोवती फिरते. नळीतल्या वायूत ऑक्सिजन किती आहे, हे सांगणाऱ्या ॲनालायझरबद्दल कोणी फारसे लिहीत नाही. पण भट्टीत इंधन नीट जळते आहे का, ज्वालाग्राही द्रवाच्या टाकीत नायट्रोजन पुरेसा भरला आहे का, हे त्याच्याच आकड्यावरून ठरते. जुन्या उपकरणांत झिरो (शून्याचा बिंदू) आणि स्पॅन (वरचा, प्रमाण माहीत असलेला बिंदू) लावायला झाकण उघडून स्क्रू फिरवावा लागे. आता टचस्क्रीनवर दोनदा बोट टेकवले की काम होते. काम सोपे झाले, पण बटण दाबण्याआधी करायची तपासणी गळत चालली आहे. ही उपकरणे चालवणारे आणि दुरुस्त करणारे म्हणून आम्हाला याची चिंता वाटते.

आधी स्क्रीनबद्दल थोडेसे. दाबाने चालणारी स्क्रीन हातमोजे घालूनही चालते, मात्र पेन किंवा स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबली तर वरची फिल्म कायमची ओरखडते. कालांतराने तिचा स्पर्शबिंदू सरकतो. एक बटण दाबावे आणि शेजारचे लागावे, असे होऊ लागले की सेटिंगमध्ये जाऊन कोपऱ्यांतल्या खुणांवर बोट टेकवून ती पुन्हा जुळवावी. मोबाइलसारख्या स्क्रीनला साधे जाड हातमोजे चालत नाहीत आणि तिच्यावर पाण्याचे थेंब पडले तर कोणी न दाबता बटणे दाबली जातात. पुसण्याआधी स्क्रीन लॉक करावी. ज्वालाग्राही वायूच्या क्षेत्रात कोरड्या फडक्याने घासू नये, स्थिर विजेचा धोका असतो. ओलसर फडके वापरावे.

वीज आल्यावर स्क्रीन मिनिटभरात उजळते आणि आकडा दाखवू लागते. सेन्सर मात्र तयार झालेला नसतो. झिर्कोनिया या सिरॅमिकचा सेन्सर साधारण 700 अंश सेल्सिअसला काम करतो आणि तिथवर तापायला बराच वेळ घेतो. ‘वॉर्म-अप’ संपेपर्यंत त्या आकड्यावर कोणताही निर्णय घेऊ नये.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे प्रमाण माहीत असलेला वायू सिलिंडरमधून सोडून उपकरणाचा आकडा त्याच्याशी जुळवण्यात. मेनूत सिलिंडरवरच्या प्रमाणपत्रातला आकडाच भरावा, आठवणीतला नव्हे. दशांशचिन्ह आणि एकक दोनदा पाहावे, कारण 1 टक्का म्हणजे 10,000 पीपीएम (दहा लाखांतले भाग). सिलिंडरच्या रेग्युलेटरमध्ये (दाब कमी करणाऱ्या झडपेत) अडकलेली हवा आधी सोडून द्यावी. मग रोटामीटरवर (वायूचा प्रवाह दाखवणाऱ्या मापकावर) उत्पादकाने सांगितलेला प्रवाह लावावा. बऱ्याच उपकरणांत तो मिनिटाला अर्धा ते एक लिटर असतो. आणि थांबावे. आकडा स्थिर वाटला तरी ट्रेंडचा (वेळेनुसार बदलत्या आकड्याचा) आलेख उघडून रेघ खरोखर सपाट झाली आहे का ते पाहावे. रेघ अजून उतरत असताना ‘ॲक्सेप्ट’ दाबले, तर तो अपुरा आकडाच उपकरण खरा धरून बसते.

झिरो लावताना तर आणखी जपावे. शुद्ध नायट्रोजन सोडूनही 0.05 टक्के, म्हणजे 500 पीपीएम दिसत असतील, तर झिरोचे बटण दाबून तो आकडा पुसू नका. आधी गळती शोधा. नळीत बाहेरच्यापेक्षा जास्त दाब असला तरी सैल जोडातून ऑक्सिजन आत शिरतो, कारण आत त्याचे प्रमाण जवळजवळ शून्य आणि बाहेर 20.9 टक्के असते. सिलिकॉनच्या नळीच्या तर भिंतीतूनच तो झिरपतो; पीपीएममधल्या मोजणीला स्टीलचीच नळी हवी. गळती ओळखायची सोपी खूण अशी: प्रवाह दुप्पट करा. आकडा निम्म्याच्या जवळ उतरला, तर ऑक्सिजन वाटेत कुठेतरी मिसळतो आहे. तशात झिरो मारला तर गळती तशीच राहते, फक्त दिसेनाशी होते. पुढे कोणी तो जोड आवळला की ॲनालायझर खऱ्यापेक्षा 500 पीपीएम कमी दाखवू लागतो.

सगळ्या सेन्सरना एकच रीत लावणेही चूक. झिर्कोनियाला शुद्ध नायट्रोजन देऊन झिरो लावू नये. उत्पादकाने सांगितलेला, थोडा ऑक्सिजन मिसळलेला वायू वापरावा. शिवाय ज्वालाग्राही वाफा त्या तापलेल्या पृष्ठभागावर जळतात आणि ऑक्सिजन कमी दिसतो. ऑक्सिजन चुंबकाकडे ओढला जातो या गुणावर चालणाऱ्या पॅरामॅग्नेटिक सेन्सरला दाबाची भरपाई नसेल, तर दाब 1 टक्क्याने वाढल्यावर हवेतला 20.9 चा आकडा 21.1 होतो. दाब पूर्ववत झाला की तो आपोआप खाली येतो, त्यासाठी स्पॅन बदलायचा नसतो. विद्युत-रासायनिक सेल वापराबरोबर झिजतो. दर वेळी स्पॅन जास्तच वर ओढावा लागत असेल, तर सेल बदलायची वेळ झाली आहे. ‘कॅलिब्रेशन फेल’ आल्यावर मर्यादा वाढवून ते जबरदस्तीने मान्य करून घेणारे हात आम्ही पाहिले आहेत. तो संदेश कामात अडथळा नाही, तीच तपासणीची सुरुवात आहे.

आमच्या मते सर्वांत घातक मेनू रेंजचा, म्हणजे मोजणीच्या खालच्या-वरच्या टोकांचा. ॲनालायझर कंट्रोल रूमला 4 ते 20 मिलिअँपिअरचा विजेचा प्रवाह पाठवतो, टक्के नव्हे; 4 म्हणजे रेंजचे खालचे टोक, 20 म्हणजे वरचे. दोन्हीकडे 0 ते 10 टक्के रेंज असताना कोणी स्क्रीनवर ती 0 ते 25 केली आणि कंट्रोल रूमला कळवले नाही असे समजा. वायूत ऑक्सिजन 8 टक्के झाला. स्क्रीनवर 8 बरोबर दिसेल, पण प्रवाह जाईल 9.12 मिलिअँपिअर आणि कंट्रोल रूममध्ये त्याचे 3.2 टक्के होतील. तिथला अलार्म 5 टक्क्यांवर लावलेला असेल, तर तो वाजणारच नाही. टाकीपाशी उभ्या माणसाला आणि खुर्चीवरच्या ऑपरेटरला दोन वेगळी सत्ये दिसतात, आणि दोघांनाही आपापल्या आकड्याची खात्री असते. म्हणून रेंज बदलणे ही एका माणसाच्या बोटाची गोष्ट असू नये. बदल लेखी असावा आणि त्यानंतर दोन्ही ठिकाणचा आकडा फोनवर बोलून जुळवावा.

‘होल्ड’चेही तसेच. कॅलिब्रेशनच्या वेळी कंट्रोल रूमकडे जाणारा आकडा गोठवून ठेवणे योग्यच आहे, नाहीतर चाचणीच्या वायूने प्लांट बंद पडेल. मात्र काही उपकरणांत होल्ड हाताने काढावा लागतो. कंट्रोल रूममधली ऑक्सिजनची रेघ तासभर पट्टीने ओढल्यासारखी सरळ दिसली, तर प्रक्रिया स्थिर आहे असे समजण्याआधी होल्ड पाहावा.

कारखान्यांच्या व्यवस्थापनाला आमची विनंती आहे की, उपकरणासोबत आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा, ऑपरेटरला फक्त पाहण्याची परवानगी ठेवावी आणि कॅलिब्रेशन व रेंजसाठी वेगळी पातळी ठेवावी. उपकरणाशेजारी एक कार्ड लावावे, ते तिथे काम करणाऱ्याच्या भाषेत असावे. त्यावर सेन्सरचा प्रकार, रेंज, प्रवाह, कोणते वायू वापरायचे आणि कंट्रोल रूमचा क्रमांक एवढे असले तरी पुरे. कार्डाखाली एक नोंदवही, आणि तिच्यात समायोजनाआधीचा व नंतरचा असे दोन्ही आकडे. आधीचा आकडा लिहिलेला नसेल, तर गेल्या कॅलिब्रेशनपासून उपकरण किती चुकत होते, हे नंतर कोणालाच शोधून काढता येत नाही.

आपले,
उपकरण देखभालीचे काम करणारे काही तंत्रज्ञ