लॅपटॉपच्या खोक्यावर पोर्टची माहिती छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले की लॅपटॉपच्या पानभर जाहिराती सुरू होतात. प्रोसेसर, रॅम, एसएसडी, पडद्याचे इंच आणि खोडलेल्या एमआरपीशेजारी ठळक अक्षरांत 'आजची किंमत'. लॅपटॉपच्या कडेला कोणती पोर्ट, म्हणजे केबल लावायच्या खाचा, आहेत आणि त्यातले प्रत्येक पोर्ट नक्की काय काम करते, हे मात्र त्यात कुठेच नसते. मग ४५ हजारांचा लॅपटॉप घेतलेले घर पुढच्या दोन-तीन महिन्यांत अडॅप्टर, हब (एका पोर्टची अनेक पोर्ट करणारी डबी), केबल आणि जादा चार्जर यांवर आणखी चार-पाच हजार सहज घालवते. त्यातही एखादी वस्तू चुकीची निघते, ती वेगळीच.

खरी गोम आहे टाइप-सी पोर्टची. खाच एकाच आकाराची, पण तिच्यामागे तीन वेगवेगळी कामे असू शकतात: डेटा नेणे, लॅपटॉप चार्ज करणे आणि बाहेरच्या पडद्याला चित्र देणे. स्वस्त लॅपटॉपवरचे टाइप-सी पुष्कळदा फक्त डेटाचे असते. त्याला टाइप-सी ते एचडीएमआय (टीव्ही-मॉनिटरची नेहमीची खाच) अडॅप्टर लावला की पडदा काळाच राहतो. ग्राहक अडॅप्टर बदलून आणतो, तोही चालत नाही. मग ड्रायव्हर टाकले जातात, विंडोज नव्याने भरले जाते. याने काहीही होणार नसते, कारण असा अडॅप्टर डिस्प्लेपोर्ट अल्ट मोडवर, म्हणजे टाइप-सीतून पडद्याचा सिग्नल नेण्याच्या सोयीवर, चालतो आणि तो सिग्नल मदरबोर्डवरून त्या खाचेपर्यंत आणलेलाच नसतो. पोर्टशेजारी 'डीपी'चे चिन्ह किंवा थंडरबोल्टचे (टाइप-सी खाचेचाच जलद प्रकार) विजेचे चिन्ह छापलेले असेल तर चित्र मिळते. विजेचे चिन्ह बॅटरीच्या आकृतीत असेल तर त्याचा संबंध चार्जिंगशी आहे, पडद्याशी नाही. आणि पुष्कळ लॅपटॉपवर कसलेच चिन्ह नसते. अशा डेटा-पोर्टवरून पडदा हवाच असेल तर डिस्प्लेलिंक चिप (चित्र साध्या डेटाच्या रूपात नेणारी) असलेला यूएसबी अडॅप्टर लागतो. तो महाग असतो, त्याचे सॉफ्टवेअर टाकावे लागते, आणि स्लाइड दाखवायला ठीक असला तरी गेमला उपयोगाचा नाही.

चित्र मिळत असले तरी हब घेताना फसगत होतेच. 'फोर-के' लिहिलेल्या स्वस्त हबवर चित्र बहुधा ३० हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला ३० वेळाच बदलणारे, असते आणि माऊसचा बाण पडद्यावर अडखळत फिरतो. टाइप-सी केबलमध्ये वेगवान सिग्नलच्या चार वाटा असतात. हबने त्यातल्या दोन यूएसबी ३ साठी घेतल्या की चित्राला दोनच उरतात. त्या दोन वाटांवरून फोर-के ६० हर्ट्झ हवे असेल तर लॅपटॉप आणि हब दोन्ही डिस्प्लेपोर्ट १.४ चे हवेत. शिवाय एकाच हबला दोन पोर्टेबल हार्ड डिस्क लावल्या तर वीज पुष्कळदा पुरत नाही. डिस्कची जोडणी मध्येच तुटते आणि फायली खराब होऊ शकतात. हबशेजारी वायरलेस माऊसचा रिसीव्हर खोचला तर माऊस अडतो, कारण यूएसबी ३ च्या लहरी २.४ गीगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतात. रिसीव्हर हातभर केबलने दूर नेला की प्रश्न मिटतो, पण ती केबलही विकतचीच.

महाविद्यालयांच्या सभागृहांत आणि सरकारी कचेऱ्यांत अजून व्हीजीएवाले (जुन्या पद्धतीच्या खाचेचे) प्रोजेक्टर आहेत, नव्या लॅपटॉपवर मात्र व्हीजीए सापडत नाही. एचडीएमआय डिजिटल आणि व्हीजीए अ‍ॅनालॉग, म्हणून मध्ये चिप असलेला कन्व्हर्टरच लागतो. दोन टोकांना दोन प्रकारच्या पिना बसवलेली साधी केबल या कामाला शून्य. हा कन्व्हर्टर एकाच दिशेने चालतो, हेही बघावे: 'व्हीजीए ते एचडीएमआय' आणि 'एचडीएमआय ते व्हीजीए' या दोन वेगळ्या वस्तू आहेत. व्हीजीएतून आवाज जात नाही, म्हणून ३.५ मिमीची ऑडिओ खाच असलेला घ्यावा. काही लॅपटॉपच्या एचडीएमआयमधून कन्व्हर्टरला पुरेशी वीज मिळत नाही आणि चित्र लुकलुकते, म्हणून त्याला वेगळ्या विजेची सोय असलेली बरी. एवढे सगळे असलेला कन्व्हर्टर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत साधारण पाचशे रुपयांच्या आसपास मिळतो.

लॅनचेही, म्हणजे तारेने इंटरनेट जोडण्याचेही, तेच. तीनशे रुपयांचा यूएसबी २ वाला अडॅप्टर १०० मेगाबिटवर थांबतो. घरी त्याहून वेगवान फायबर असेल तर यूएसबी ३ चा गीगाबिट अडॅप्टर घ्यावा, तो हजाराच्या घरात जातो. मोबाइलबरोबर आलेला टाइप-सी ते हेडफोन अडॅप्टर लॅपटॉपला चालेलच असे नाही. आत डॅक चिप (डिजिटल आवाजाचा अ‍ॅनालॉग करणारी) असलेलाच हवा.

चार्जरच्या गोंधळाला तर तोड नाही. टाइप-सी चार्जर कुठलाही चालतो, असे दुकानात सांगतात. साधी टाइप-सी केबल ३ अँपिअरची, म्हणजे जास्तीत जास्त ६० वॅट. १०० वॅटसाठी ई-मार्कर चिप (केबलची क्षमता सांगणारी) असलेली ५ अँपिअरची केबल लागते; ती नसेल तर १०० वॅटचा चार्जरही ६० च देतो. हबमधून चार्जिंग केले तर हब स्वतःसाठी दहा-पंधरा वॅट राखून ठेवतो, त्यामुळे ६५ वॅटच्या चार्जरमधले लॅपटॉपपर्यंत पन्नासच्या आसपास पोचतात आणि 'स्लो चार्जर'चा इशारा येतो. गोल पिनेच्या चार्जरमध्ये आणखी एक मेख असते. काही कंपन्यांच्या पिनेत मधोमध बारीक ओळख-तार असते. ती तुटली किंवा चार्जर परका निघाला तर लॅपटॉप चालतो, पण बॅटरी भरत नाही आणि प्रोसेसर मुद्दाम मंद होतो. अशा वेळी बॅटरी बदलून पैसे घालवू नयेत, आधी मूळ चार्जर लावून पाहावा.

महागड्या लॅपटॉपची गोष्ट निराळी नाही. अ‍ॅपलने २०१६ च्या मॅकबुक प्रोवर हेडफोनच्या खाचेखेरीज फक्त टाइप-सीच ठेवले आणि ओरड झाल्यावर अडॅप्टरच्या किमती काही काळ उतरवल्या. एचडीएमआय आणि एसडी कार्डची खाच प्रोवर परतली ती २०२१ मध्ये. मॅकबुक एअरवर त्या अजूनही नाहीत. एम-१ आणि एम-२ चिपचे एअर तर अधिकृतपणे एकच बाहेरचा मॉनिटर चालवतात. दोन एचडीएमआयवाला हब घेतला तरी दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र दिसते. रॅम मदरबोर्डवरच जोडलेली असल्याने नंतर वाढवता येत नाही, हा खर्चही खरेदीच्या दिवशीच धरावा लागतो. आता कितीतरी विंडोज लॅपटॉपची रॅमही तशीच असते.

कायदा काय सांगतो? वैध मापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे खोक्यावर एमआरपी, उत्पादक किंवा आयातदार, मूळ देश, तक्रारीचा पत्ता हे सगळे लागते. पोर्टची क्षमता लागत नाही. भारतीय मानक ब्युरोने टाइप-सीचे मानक आधीच स्वीकारले, पण त्याने खाचेचा नमुना ठरला. ग्राहकाला कळेल असे काही खोक्यावर आले नाही. युरोपीय संघाने २८ एप्रिल २०२६ पासून लॅपटॉपना टाइप-सी चार्जिंग बंधनकारक केले, आणि त्याच नियमात खोक्यावर चार्जर आत आहे की नाही याचे चिन्ह व किमान-कमाल वॅटचा आकडाही मागितला. त्याच कंपन्या त्याच कारखान्यांतला माल आपल्याकडे विकतात. तिथे छापता येते ते इथे छापायला अडचण कसली?

आमची मागणी मोठी नाही. प्रत्येक टाइप-सी पोर्टसमोर वेग किती गीगाबिट, चित्र मिळते की नाही आणि मिळत असेल तर किती हर्ट्झपर्यंत, चार्जिंग किती वॅट. शिवाय लॅन आहे का, रॅम बदलता येते का, सोबतचा चार्जर किती वॅटचा. एवढे खोक्यावर, आणि ऑनलाइन विक्रीच्या पानावर किमतीच्या लगेच खाली. वेग आकड्यातच लिहावा, कारण यूएसबी ३.०, ३.१ जेन १ आणि ३.२ जेन १ ही तिन्ही नावे ५ गीगाबिटचीच आहेत.

हे होईपर्यंत खरेदी करणाऱ्यांनी मालिकेच्या नावावर जाऊ नये. मागचे उपअक्षर बदलले की पोर्ट बदलतात, म्हणून पूर्ण मॉडेल क्रमांक टाकून कंपनीच्या संकेतस्थळावरचा तपशील पाहावा. त्यात 'डिस्प्लेपोर्ट' (चित्र) आणि 'पॉवर डिलिव्हरी' (चार्जिंग) हे शब्द नसतील तर ती सोय नाही असेच धरावे. दुकानात घेत असाल तर पैसे देण्यापूर्वी टाइप-सी केबलने तिथलाच मॉनिटर जोडून दाखवायला सांगावे. ऑनलाइन घेत असाल तर विक्रीच्या पानाचा स्क्रीनशॉट बिलासोबत जपावा. पानावर एक लिहिलेले आणि हातात दुसरे आले, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करताना तोच पुरावा लागतो.

– लॅपटॉप दुरुस्ती करणारे काही व्यावसायिक, नाशिक