संगणकाने गाड्या उभ्याच ठेवल्या!

मा. संपादक,

‘संगणकानेच ठरवलं’ असं हल्ली जो तो सांगतो. मी सावद्याचा केळीवाला. वय पन्नाशीपुढे, पण पोरीकडून पायथन ही संगणकाची भाषा शिकलो. कापणीच्या दिवशी कोणत्या मळ्यातून कोणत्या बाजारात किती क्विंटल माल धाडायचा, हे पायथनच्या ‘सायपाय’ या गणिती संचातल्या ‘लिनप्रोग’ला विचारलं; दिलेल्या अटींत बसणारं सर्वांत चांगलं उत्तर ते शोधतं. (गणित जुनंच, अमेरिकी गणितज्ञ डान्टझिग यांच्या 1947च्या सिम्प्लेक्स पद्धतीपासूनचं.) उद्दिष्ट लिहिलं: वाहतूक खर्च कमीत कमी. उत्तर आलं शून्य, शून्य, शून्य. बरोबरच आहे, गाडी हललीच नाही तर डिझेल कुठलं? मळ्यात माल किती ही मर्यादा होती, पण तो उचलायचाच, ही अट मी घातलीच नव्हती.

मग प्रत्येक वाटेचा क्विंटलमागचा नफा भरला. पुन्हा शून्य! तासभर डोकं खाजवलं. पोरगी चहा घेऊन आली, पडद्याकडे पाहून म्हणाली, “पप्पा, हे फक्त कमीत कमीच काढतं. आकड्यांना उणे चिन्ह द्या.” म्हणजे 300च्या जागी उणे 300. दिलं, आणि गाड्या निघाल्या. शेवटच्या उत्तराचंही चिन्ह उलटवायचं, नाहीतर नफा तोट्यात दिसतो. तरी मे महिन्याच्या उन्हात लांबच्या वाटेवर माल पिकतो, हे त्यात कुठे होतं? ती वजावट मी नंतर घातली.

म्हणून विनंती: संगणकाने पाणीवाटप किंवा बसफेऱ्या ठरवल्याची बातमी देताना, त्याला नेमकं काय कमी वा जास्त करायला सांगितलं होतं, ती एक ओळही छापा.

— एक केळी उत्पादक, सावदा (ता. रावेर, जि. जळगाव)