संगणक प्रयोगशाळेतल्या ताईंना, त्या लपवलेल्या पानाबद्दल

ताई,

सप्रेम नमस्कार.

आभार मानायला उशीर झाला, कारण आभार कशाचे मानायचे तेच उशिरा सापडलं. तुमचं कंत्राट संपलं, तुम्ही गेलात. नव्या वर्षासाठी मूडल या ऑनलाइन वर्गाच्या सॉफ्टवेअरवरचा प्रथम वर्ष मराठीचा कोर्स उघडला, तर सगळ्यात खाली विद्यार्थ्यांना न दिसणारा एक सेक्शन होता. नाव ‘पुढच्या माणसासाठी’. आत एकच पान. कुठलं बटण कुठे आहे याचा त्यात एक शब्द नाही. ते कोणीही शोधून काढतं. तुम्ही फक्त प्रत्येक सेटिंगपुढे कारण लिहून ठेवलं होतं.

हे पत्र चारचौघांत लिहितोय, कारण तुमच्या आधी मूडल लावून देण्याचं हेच काम ज्या एजन्सीने केलं, तिचं बिल चारचौघांत मंजूर झालं होतं. मूडल 2002 पासून मुक्त परवान्याखाली फुकट मिळतं, तरी त्या बिलात ‘सॉफ्टवेअर परवाना’ अशी एक ओळ होती. बदल्यात मिळालं काय? मूडल मुळातच देतं ते चार रिकामे सेक्शन आणि दोन तासांच्या स्लाइड्स. सर्व्हरची वेळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर सोडलेली. म्हणजे चाचणी सकाळी 10 ला लावली की उघडणार दुपारी 3:30 ला. फोन केला की उत्तर ठरलेलं: तुमच्याकडे नेटचा प्रॉब्लेम असेल. साडेपाच तासांचा नेमका प्रॉब्लेम, रोज, न चुकता! सूचनांचे मेल तर कधी सुटलेच नाहीत, कारण क्रॉन, म्हणजे सर्व्हरवरची नेमून दिलेली कामं आपोआप चालवणारा गडी, लावलेलाच नव्हता. तो दर मिनिटाला चालावा लागतो. नाहीतर मेल अडकतात, आणि नेट गेल्यामुळे ज्या मुलांची चाचणी अर्धवट राहिली, त्यांची उत्तरं वेळ संपल्यावर आपोआप जमाही होत नाहीत. तुमच्या पानावरच्या पहिल्या दोन नोंदी याच आहेत: ‘आशिया/कोलकाता’ आणि ‘क्रॉन’. शेजारी एजन्सीबद्दल वाकडा शब्द नाही. तो आम्हीच इथे लिहून टाकला.

एनरोलमेंट कीची, म्हणजे कोर्समध्ये नाव नोंदवताना टाकायच्या परवलीच्या शब्दाची नोंद वाचून तर आम्ही कपाळाला हात लावला. तुकडीनिहाय ग्रुपला वेगळी की दिली की मूल ती टाकून थेट आपल्या तुकडीत जातं, याद्या जुळवत बसावं लागत नाही. पण त्यासाठी मूळ कोर्सलाही एक की लागते, आणि ती कोणालाच सांगायची नसते. ती रिकामी राहिली तर कोणीही कीशिवाय आत येतो आणि कुठल्याच तुकडीत नसतो. तुम्ही लिहिलंय, ‘ही की पाठ करू नका, कुठे लिहू नका, फक्त असू द्या.’

आणि ती रिव्ह्यूची चौकट. चाचणी दिल्यावर मुलाला काय दिसावं हे ठरवणारे चार रकाने. त्यातल्या ‘चाचणी अजून सुरू असताना’ या रकान्यात ‘बरोबर उत्तर’वर टिक राहिली, की पहिल्या तुकडीची चाचणी संपून दहा मिनिटांत उत्तरं व्हॉट्सअॅपवर. तुम्ही ती टिक फक्त ‘चाचणी बंद झाल्यावर’ या रकान्यात ठेवलीत. खाली इशाराही: बंद होण्याची वेळच दिली नसेल, तर हा रकाना कधीच लागू होत नाही आणि मुलं उत्तरांची वाट पाहत बसतात.

पण आमचं मन जिथे अडकलंय ती नोंद ‘वाऱ्या’ची.

‘वारा’ या शब्दाचं सामान्यरूप लिहा. लघुउत्तरी प्रश्न, एक गुण. मूडल विद्यार्थ्याचं उत्तर आपण दिलेल्या उत्तराशी अक्षर न् अक्षर ताडून पाहतं. आणि हा शब्द पडद्यावर हुबेहूब सारखा दिसूनही दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक कीबोर्ड नुक्त्याचा ऱ वापरतो: वाऱ्या. दुसरा साधा र घेतो, हलन्त लावतो आणि पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालतो: वार्‍या. डोळ्यांना एक, यंत्राला दोन. तिसरं रूप रफाराचं, वार्या, आणि ते खरंच चूक. आदल्या वर्षी दुसऱ्या कीबोर्डची सगळी मुलं शून्यावर गेली होती, आणि आम्ही वर्गात त्यांनाच सांगत होतो की ‘नीट बघून लिहा’.

तुम्ही मराठी शिकवत नाही. तरी चाचणीच्या सांख्यिकी अहवालात जाऊन प्रत्येक प्रश्नाला कोणकोणती उत्तरं आली ते पाहिलंत. एकच शब्द दोन ओळींत का दिसतोय, असा प्रश्न तुम्हाला पडला. आम्हाला पडला नव्हता. मग दोन्ही रूपं 100 टक्के गुणांची उत्तरं म्हणून घातलीत, रफाराचं रूप मुद्दाम बाहेर ठेवलंत, आणि सगळ्या प्रयत्नांची फेरतपासणी चालवलीत. कोणी एकदा चाचणी दिली की त्यात प्रश्न घालता किंवा काढता येत नाही, पण उत्तर दुरुस्त करून गुण पुन्हा मोजता येतात. एवढ्या एका सोयीवर तुम्ही त्या मुलांचे गुण परत आणलेत, तेही कोणी तक्रार न करता. तक्रार करणार कोण? आपलं उत्तर बरोबर होतं हे त्यांनाच माहीत नव्हतं.

त्याच नोंदीखाली बारीक अक्षरांत ‘दुःख’ आणि ‘दु:ख’. विसर्गाच्या जागी कोलन. तेही घातलंत. अंकी प्रश्नात देवनागरी आकडे चालत नाहीत, म्हणून प्रश्नातच ‘उत्तर 12 असे इंग्रजी आकड्यांत लिहा’ ही सूचना. विद्यार्थ्यांची यादी एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-8’ म्हणूनच जतन करा, नुसती सीएसव्ही केली की मराठी नावांची प्रश्नचिन्हं होतात. युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या जुन्या प्रश्नपत्रिका चिकटवू नका, आधी रूपांतर करून घ्या. मराठीच्या विभागाला मराठीबद्दल हे सगळं संगणक प्रयोगशाळेतून कळावं, याची थोडी लाज वाटते. वाटू दे.

ग्रेडबुकबद्दल, म्हणजे मूडलमधल्या गुणांच्या वहीबद्दल, तुम्ही तीनच ओळी लिहिल्यात, पण त्यावर आमच्यात दोन दिवस वाद चालला. ‘नॅचरल’ पद्धतीत ज्याचे कमाल गुण जास्त त्याचं वजन जास्त. 100 गुणांच्या निबंधापुढे 20 गुणांची चाचणी बुडून जाते. शिवाय रिकामे गुण मूडल मुळात मोजतच नाही. पाचपैकी एकच चाचणी देऊन 10 पैकी 9 मिळवणाऱ्या मुलाच्या नावापुढे 90 टक्के दिसतात, आणि पाचही इमानाने देणारी मुलगी 74 वर. सत्राच्या शेवटी गैरहजरांना शून्य भरा किंवा ‘रिकामे गुण वगळा’ ही टिक काढा, पण मुलांना सत्राच्या सुरुवातीलाच सांगा, असं तुम्ही लिहिलंय. हे शेवटचं आम्हाला कधी सुचलं नसतं.

फाइलच्या मर्यादेबद्दल एकच वाक्य: चार ठिकाणी मर्यादा असते, सर्व्हर, साइट, कोर्स, असाइनमेंट, आणि सगळ्यांत लहान जी असेल तीच चालते. मूडल ज्या पीएचपी भाषेत लिहिलंय, तिची सर्व्हरवरची मूळ मर्यादा 2 एमबी. वहीच्या पानाचा फोनवर काढलेला फोटो सहज त्याच्या पुढे जातो. कोर्सच्या पडद्यावर कितीही मोठा आकडा शोधलात तरी तो यादीत येतच नाही, कारण कुलूप खाली सर्व्हरवर असतं.

हे सगळं तुम्ही एखाद्या वहीत किंवा मेलमध्ये लिहिलं असतं, तर एव्हाना हरवलं असतं. कोर्सच्या आतच ठेवलंत, म्हणून दर वर्षी कोर्सची प्रत काढली की पानही सोबत येतं. कोर्सचा एमबीझेड बॅकअप (मूडलची बॅकअप फाइल) दुसऱ्या सर्व्हरवर नेला तरी तिथेही जातं. आपण गेल्यावर आपल्या खुर्चीत कोण बसेल हे ठाऊक नसताना त्याची एवढी काळजी करणारी माणसं आजूबाजूला असतात. फक्त हजेरीपटावर ती ‘तात्पुरती’ म्हणून नोंदलेली असतात. कायम असलेल्या आम्ही पंधरा वर्षांत असं एक पान लिहिलं नव्हतं.

पानाच्या शेवटी तुम्ही ‘इथून पुढे तुम्ही लिहा’ म्हणून जागा सोडली होती. ती बरेच दिवस रिकामी होती. या आठवड्यात पहिली नोंद केली. चुकलं असेल तर कळवा:

‘लेखनिक घेणाऱ्या विद्यार्थिनीला तासाला 20 मिनिटं जास्तीची. क्विझ ओव्हरराइडमध्ये (एकाच विद्यार्थ्यापुरती चाचणीची सेटिंग बदलण्याची सोय) तिची वेळमर्यादा 60 मिनिटांची 80 केली. कारण: फक्त मर्यादा वाढवून भागत नाही. चाचणी बंद होण्याची वेळ आधी आली तर मूडल तिथेच थांबवतं, आणि दिलेली 20 मिनिटं कागदावरच राहतात. म्हणून तिच्यापुरती बंद होण्याची वेळही 20 मिनिटं पुढे नेली.’

तुमचे,
मराठी विभागातले आम्ही सगळे