तपासण्यांचं राहिलं असेल त्यांच्यासाठी, रविवारच्या आत वाचा

मंडळी, गटातल्या बहुतेकींकडे मेडिक्लेम नाही आणि म्हणून तपासणीच टाळतात, हे काही बरोबर नाही जी. वय 30 च्या वर असेल तर बीपी-शुगर आपल्या वस्तीतल्या मनपाच्या आरोग्य केंद्रात फुकट होते, आधी तिथंच जा. बायांचं काही असेल तर डागा, म्हणजे आपल्या नागपुरातलं सरकारी स्त्री रुग्णालय. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर न् तपासण्या मोफत आहेत, डागा त्यातच येतं. मेडिकल आणि मेयो ही सरकारी मेडिकल कॉलेजांची रुग्णालयं वेगळ्या खात्याची, तिथं थोडे पैसे लागतात, पण खाजगीपेक्षा कितीतरी कमी. लाइन मात्र मोठी, सकाळी लवकर जा, आधार ठेवा, मागचे रिपोर्ट ठेवा.

मी मागच्या वर्षी एका लॅबवाल्याच्या "फुल बॉडी पॅकेज"मध्ये फसली. डॉक्टरनं सांगितल्या होत्या तीन टेस्ट आणि रिपोर्ट आला पाच पानांचा, अर्ध्या गोष्टी कोणी विचारल्याही नव्हत्या! त्यामुळे खाजगीत गेलात तर चिठ्ठीवर जेवढं लिहिलंय तेवढंच करा, भाव आधी फोनवर विचारा, दोन-तीन ठिकाणी विचारा, फरक पडते.

उपाशीपोटीची शुगर असेल तर रात्रीपासून आठेक तास काही खायचं नाही, साधं पाणी चालतं, चहा नाही (बिनसाखरेचाही नाही, काकू!). एचबीएवनसीला (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी टेस्ट) उपाशी राहायची गरजच नाही.

आणि जनआरोग्य योजनेचं कार्ड भरती झाल्यावरच्या उपचारासाठी असते, रोजच्या तपासणीला ते दाखवून भांडू नका.

मंगळवारी मेडिकलला चाललो, कोणाला यायचं ते रविवारपर्यंत नाव टाका, ऑटो वाटून घेऊ.